अवजारघराचे छप्पर : कोणते किती खर्चाचे पडते?

ट्रॅक्टर खरेदी करताना शेतकरी चार दुकाने फिरतो, अश्वशक्ती आणि डिझेलचा खप यांची तुलना करतो, बँकेच्या हप्त्यांचा हिशेब मांडतो. त्या ट्रॅक्टरच्या निवाऱ्याचा विचार मात्र बहुधा मृग नक्षत्र तोंडावर आल्यावरच होतो. मग तालुक्याच्या बाजारातून मिळतील ते पत्रे घाईने आणले जातात, चार मेढी जमिनीत पुरल्या जातात आणि पत्र्यांवर दगड ठेवून काम उरकले जाते. काही ठिकाणी याच्या अगदी उलट प्रकार आढळतो. एका ट्रॅक्टरसाठी कर्ज काढून सिमेंटचा स्लॅब घातला जातो आणि पेरणीयंत्र, वखर, फवारणीचा पंप ही अवजारे त्याच्या बाहेर पावसात पडून असतात. या दोन्ही प्रकारांत पैसा वाया जातो, आणि त्याचे कारण एकच असते. छपराचा खर्च म्हणजे पत्र्याचा किंवा कौलांचा भाव, अशी समजूत करून घेतलेली असते.

वास्तविक छपरावर जे आच्छादन दिसते त्याचा खर्च एकूण खर्चाचा लहानसा भाग असतो. ते आच्छादन पेलणारा सांगाडा, तो जमिनीत धरून ठेवणारा पाया, दरसालची दुरुस्ती, अडकून पडलेल्या पैशावरचे व्याज आणि ते छप्पर किती वर्षे टिकणार, या सर्वांचा मेळ घातल्याशिवाय कोणते छप्पर स्वस्त व कोणते महाग हे सांगता येत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना हा प्रश्न वारंवार विचारला जातो. म्हणून येथे एका नेहमीच्या मापाचे अवजारघर घेऊन हा हिशेब मांडून दाखविला आहे.

निवारा कशासाठी

माणसांच्या घराला जे छप्पर लागते तेच अवजारघराला लागते असे नाही. घर उन्हाळ्यात थंड राहावे लागते. ट्रॅक्टरला पत्र्याखालील उकाड्याचा त्रास होत नाही. त्याला त्रास होतो तो थेट उन्हाचा व पाण्याचा. टायरचे रबर उन्हाने तडकते, रबरी नळ्या व विजेच्या तारांचे वेष्टन कडक होते, पेरणीयंत्राच्या पेटीत पाणी साचून बियाणे व खत सोडणारी चक्रे गंजून अडकतात. तेव्हा अवजारघराच्या छपराकडून अपेक्षा दोनच : वरून पाणी येऊ नये आणि वादळात छप्पर जागेवर राहावे. थंडाव्यासाठी जास्तीचा खर्च करण्याचे येथे कारण नाही.

गोठ्याची गोष्ट वेगळी आहे. वैशाखात बुटक्या पत्र्याखाली बांधलेले दुभते जनावर धापा टाकते व दूध कमी देते. म्हणून जनावरे आणि ट्रॅक्टर एकाच पत्र्याखाली ठेवण्याची काटकसर करू नये. मूत्र व शेण यांतून निघणारा अमोनिया वायू पत्र्यावरील जस्ताचा लेप खातो. शिवाय त्याच हवेत ट्रॅक्टरचे सुटे भागही गंजतात. खताच्या पोत्यांची थप्पी पत्र्याच्या भिंतीला लावून ठेवणे याच कारणासाठी अनिष्ट होय.

उदाहरणासाठी घेतलेले माप

मध्यम अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सुमारे अकरा-बारा फूट लांब व सहा फूट रुंद असतो. त्याच्या शेजारी पेरणीयंत्र, मोगडा, रोटाव्हेटर व फवारणीचे सामान राहावे आणि माणसाला भोवती फिरून काम करता यावे, यासाठी २० फूट लांब व १५ फूट खोल जागा पुरेशी होते. ट्रॉली बाहेर राहिली तरी चालते. ही जागा ३०० चौरस फूट, म्हणजे गवंडी व सुतारांच्या भाषेत तीन ब्रास भरते. वळचण पुढे-मागे दीड फूट व दोन्ही बाजूंना एकेक फूट बाहेर काढली, तर छपराखाली येणारे क्षेत्र २२ फूट बाय १८ फूट, म्हणजे सुमारे ४०० चौरस फूट होते.

पुढची बाजू १० फूट व मागची ७ फूट उंच ठेवली, की पाच फुटांना एक फूट असा उतार मिळतो. पत्र्याला हा उतार पुरतो आणि एकपाखी छपराने काम भागते. मंगळुरी कौलांना मात्र सुमारे तीस अंशांचा उतार हवा. त्यासाठी दुपाखी छप्पर करावे लागते आणि तेवढ्याच जमिनीवर आच्छादनाचे क्षेत्र साडेचारशे चौरस फुटांच्या वर जाते. भाव विचारताना हा फरक बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

छपराचे ओझे

खर्चाचे खरे मूळ वजनात आहे. अर्धा मिलिमीटर जाडीचा पन्हळी पत्रा या अवजारघरावर घातला, तर पन्हळी व एकावर एक चढविलेला भाग धरून सर्व पत्र्यांचे वजन सुमारे १८५ किलो भरते. मंगळुरी कौले चौरस मीटरला सुमारे पंधरा लागतात. म्हणजे साडेसहाशेच्या आसपास कौले आणि दर कौल दोन ते अडीच किलोचे धरता दीड टनाच्या आगेमागे वजन झाले. वासे व रिपा यांचे ओझे निराळेच. मध्ये तुळई घेऊन पाच इंच जाडीचा सिमेंटचा स्लॅब घातला, तर तो बारा टनांच्या आसपास जातो. मराठवाड्यात व सोलापूरकडे प्रचलित असलेले मातीचे माळवद फूटभर जाड असले, तर एका चौरस मीटरवर सुमारे पाचशे किलो माती येते आणि तीन ब्रासच्या जागेवर पंधरा टनांच्या घरात ओझे बसते.

हे ओझे नुसते पैशाचे नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) या जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि त्यांच्यावरील माळवदाची माती निजलेल्या माणसांवर आली. माळवद उन्हाळ्यात गार राहते व त्याची माती गावातच मिळते, हे खरे आहे. तथापि नव्या अवजारघरासाठी, जेथे गारव्याची गरज नाही, तेथे डोक्यावर पंधरा टन माती घेण्याचे काहीच प्रयोजन उरत नाही. जुन्या माळवदाच्या खोलीतच अवजारे ठेवली जात असतील, तर दरवर्षी वर नवा थर चढविण्याआधी जुना खरवडून काढावा. एरवी थरावर थर चढून तुळयांवरील ओझे नकळत वाढत जाते.

पत्रा

पत्रा घेताना घासाघीस होते ती बहुधा जाडीवर. दुकानदार गेजमध्ये बोलतो, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे उलटे गणित नवख्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. पत्र्याची जाडी तोंडी सांगण्यावर न घेता वजनकाट्यावर पाहावी. पोलादाचा एक मिलिमीटर जाड व एक चौरस मीटर मापाचा तुकडा ७.८५ किलो भरतो. पन्हळी उलगडून सपाट केल्यास एक मीटर रुंद होईल असा तीन मीटर लांबीचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा असेल, तर त्याचे वजन पावणेबारा किलोच्या जवळपास यावे. तोच सव्वाआठ किलो भरला, तर तो ०.३५ मिलिमीटरचा आहे असे समजावे.

आता या पातळ पत्र्याने बचत किती होते ते पाहू. येथून पुढे जे दर दिले आहेत ते हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत. ते कोणत्याही बाजारपेठेचे भाव नव्हेत. प्रत्येकाने आपल्या तालुक्याचे दर घालून हेच गणित पुन्हा करावे. समजा, पत्रा ९० रुपये किलो आहे. जाड पत्र्याचे १८५ किलोंचे १६,६५० रुपये होतात. पातळ पत्रा सुमारे १२९ किलो लागतो, त्याचे ११,६१० रुपये होतात. म्हणजे बचत सुमारे ५,००० रुपयांची. परंतु अवजारघराला लागणारा लोखंडी नळ्यांचा सांगाडा सुमारे साडेचारशे किलोचा असतो. घडाई धरून तो १०० रुपये किलोने ४५,००० रुपयांचा झाला, खांबांच्या पायाचे काँक्रीट १२,००० रुपयांचे व हुक-वायसर ३,००० रुपयांचे झाले, तर जाड पत्र्याचे संपूर्ण काम ७६,६५० रुपयांना पडते. त्यातील पत्र्याचा वाटा चौथाईहूनही कमी आहे, आणि जाडी कमी करून वाचविलेली रक्कम एकूण खर्चाचा जेमतेम पंधरावा हिस्सा आहे.

तेवढीसुद्धा पदरात पडत नाही. जाड पत्र्याला आडव्या पट्ट्या, ज्यांना वेल्डर परलीन म्हणतात, साधारण चार फुटांवर चालतात. पातळ पत्र्याला त्या तीन फुटांवर घ्याव्या लागतात. त्यामुळे या छपराला सहाऐवजी आठ पट्ट्या लागतात. बावीस फुटांची एक पट्टी वीस किलोची धरली, तर दोन पट्ट्यांचे ४,००० रुपये झाले. पाच हजारांतील चार हजार तेथेच गेले. व्यवहारात असे घडते की पट्ट्या वाढविल्या जात नाहीत. पत्रा दोन पट्ट्यांच्या मध्ये फडफडतो, हुकाचे भोक लांबट होत जाते आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर तेथून गळू लागते.

जाडीइतकेच महत्त्व जस्ताच्या लेपाला आहे. लेप किती हे दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये, पत्र्याच्या दोन्ही बाजू मिळून, सांगितले जाते. १२० ग्रॅमचा लेप व २७५ ग्रॅमचा लेप असलेले पत्रे दुकानात शेजारी शेजारी ठेवले, तर डोळ्यांना सारखेच चकचकीत दिसतात. खाऱ्या हवेत मात्र दुप्पट लेपाचा पत्रा सुमारे दुप्पट काळ तग धरतो. समुद्रकाठच्या गावांनी पातळ लेपाच्या वाटेला जाऊच नये. जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्र लेपाचा रंगीत पत्राही आता सर्वत्र मिळतो. तो सामान्यतः साध्या जस्ती पत्र्यापेक्षा अधिक टिकतो, परंतु ओल्या सिमेंटचा व शेणामुताचा संसर्ग त्याला सोसत नाही. पत्रा जेथे भिंतीत शिरतो तेथे गवंडी सिमेंटचा गिलावा थेट त्यावर थापतात, आणि गंज नेमका तेथूनच सुरू होतो.

सिमेंटचे पन्हळी पत्रे गंजत नाहीत, तापतातही कमी. पण ते चौरस मीटरला तेरा-चौदा किलोंचे असल्याने सांगाडा अधिक मजबूत हवा, उतार अधिक हवा, आणि त्यांवर पाय देऊन चालणारा मनुष्य पत्र्यासकट खाली येण्याचा धोका असतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ व इतर भागांत जी मोठी गारपीट झाली, तशा गारपिटीत ठिसूळ पत्रे फुटतात. लोखंडी पत्र्याला पोचे येतात, पण तो सहसा फाटत नाही. शिवाय यांतील पुष्कळ पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. जागतिक आरोग्य संघटना अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक मानते. धोका मुख्यतः कापताना, भोके पाडताना आणि फोडताना उडणाऱ्या धुळीचा आहे. नवे पत्रे घ्यायचे तर अ‍ॅस्बेस्टॉसविरहित घ्यावेत. जुने असतील ते करवतीने कापू नयेत, फोडून रस्त्याच्या भरावात टाकू नयेत. उतरवावे लागले तर पाण्याने भिजवून अखंड उतरवावेत.

कौले

मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे काढला आणि पुढे हे कौल सबंध कोकणपट्टीवर पसरले. गळके कौल तेवढे बदलता येते, खाऱ्या हवेचा त्याला त्रास नाही, आणि चांगले भाजलेले कौल दोन पिढ्या टिकते. खर्च येतो तो लाकडाचा. साग, ऐन, किंजळ यांचे लाकूड महाग झाले आहे, आणि आपल्या मालकीचे झाड असले तरी १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाखाली या जातींच्या झाडांच्या तोडीला परवानगी लागते. आंब्याचे हलके लाकूड वापरल्यास वाळवी व भुंगेरे त्याचा फडशा पाडतात.

दुसरा खर्च चाळणीचा. दर उन्हाळ्यात कौले चाळून घ्यावी लागतात आणि हे काम जाणणारे हात आता गावोगाव मिळत नाहीत. कोकणात वानरांनी या खर्चात भर घातली आहे. कौलांवरून उड्या मारणाऱ्या टोळीने एका सकाळीत केलेले नुकसान वर्षभराच्या दुरुस्तीएवढे असते. पुष्कळ कुटुंबांनी केवळ या जाचामुळे कौले उतरवून पत्रे घातले आहेत.

यातच एक संधीही आहे. घरांवरून उतरलेली सुस्थितीतील कौले व जुने पक्के लाकूड गावात किंवा शेजारच्या गावात अल्प किमतीत मिळू शकते. असे सामान हाती येत असेल, तर कौलांचा हिशेब पार बदलतो. जुने वासे घेताना टोके तासून पाहावीत. बाहेरून धड दिसणारा वासा भिंतीत बसलेल्या टोकाला कुजलेला असतो.

गवत, पाचट, झावळ्या

स्वतःच्या रानातील गवत किंवा उसाचे पाचट, बांबू आणि काथ्या यांनी केलेले छप्पर पहिल्या खर्चाला सर्वांत हलके. अवजारघरासाठी मात्र त्याचा विचार करू नये. डिझेलचे कॅन, ऑइलाने माखलेले बोळे, धुराड्यातून क्वचित उडणारी ठिणगी आणि बॅटरीच्या सैल तारा यांच्यावर वाळलेले गवत आच्छादणे म्हणजे आग लागण्याची तयारी करून ठेवणेच होय. उंदीर गवतात घर करतात व ट्रॅक्टरच्या तारा कुरतडतात, हा वेगळा उपद्रव. बैलांचे औत, जू, कुळव अशा लाकडी अवजारांपुरते ते चालेल.

वर्षाकाठी पडणारा खर्च

प्रत्येक छपराचा वार्षिक खर्च तीन बाबींचा मिळून होतो : घसारा, देखभाल व व्याज. घसारा म्हणजे पहिला खर्च भागिले टिकण्याची वर्षे. व्याजासाठी पहिल्या खर्चाची निम्मी रक्कम सरासरीने गुंतलेली धरतात. येथे व्याजाचा दर शेकडा ९ धरला आहे.

जाड पत्र्याचे अवजारघर प्रथम घेऊ. पत्रे व हुक वीस वर्षे आणि सांगाडा व पाया तीस वर्षे टिकतील असे धरता घसारा सुमारे २,९०० रुपये येतो. सांगाड्याला चार वर्षांनी एकदा रंग द्यायचा, त्याचे दरसाल १,००० रुपये. व्याज सुमारे ३,४५० रुपये. एकूण वर्षाला ७,३०० रुपयांच्या आसपास. पातळ पत्रा दहा वर्षे टिकेल असे धरले, तर जादा पट्ट्या न घेताही हाच आकडा ७,६०० रुपयांवर जातो. मधल्या काळात पत्रे उतरवून नवे चढविण्याची मजुरी त्यात धरलेली नाही. आरंभी पाच हजार वाचवून पुढे दरसाल तीनशे रुपये अधिक मोजायचे, असा हा व्यवहार आहे.

नवे लाकूड व नवी कौले घेऊन काम १,००,००० रुपयांना पडले आणि ते चाळीस वर्षे टिकले, तर घसारा २,५००, चाळणी व फुटकी कौले मिळून ३,२०० आणि व्याज ४,५००, असे वर्षाला १०,२०० रुपये होतात. जुन्या सामानाने तेच काम ३५,००० रुपयांत झाले, तर ते वीसच वर्षे टिकेल असे धरूनही आकडा साडेसहा हजारांवर येतो, म्हणजे नव्या पत्र्यापेक्षाही कमी. स्लॅबचे काम खांब, तुळया व पाया यांसह दीड लाखाचे धरले, पन्नास वर्षांचे आयुष्य मानले आणि गळती थांबविण्यासाठी दर आठ वर्षांनी १०,००० रुपये लागतील असे धरले, तरी वर्षाला ११,००० रुपये बसतात. यातील ६,७५० रुपये नुसते व्याजाचे आहेत. स्लॅब दीर्घकाळ टिकतो म्हणून स्वस्त, असे म्हणणारा हे व्याज विसरतो.

स्लॅबचा एक उपयोग नाकारता येणार नाही. त्यावर मिरची, कडधान्य, हळद वाळविता येते आणि पुढे वर खोली बांधता येते. ज्या घरी वाळवणाला अंगण नाही किंवा चार-पाच वर्षांत वरचा मजला खरोखरीच काढायचा आहे, त्या घरी स्लॅबचे ११,००० रुपये केवळ ट्रॅक्टरच्या खाती टाकणे योग्य नव्हे. पण वरची खोली ‘कधीतरी’ व्हायची असेल, तर त्या कधीतरीचे व्याज आजपासून भरावे लागते. गवताच्या छपराचा आकडा याच रीतीने ५,६०० रुपयांच्या आसपास निघतो. कागदावर ते सर्वांत स्वस्त ठरते. आगीचा धोका या हिशेबात कोठे मांडता येत नाही, म्हणून तो वर वेगळा सांगितला आहे.

वाऱ्याचा हिशेब

वर धरलेली वीस, तीस, चाळीस वर्षे छप्पर जागेवर राहिले तरच खरी. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रायगड जिल्ह्यात व रत्नागिरीच्या उत्तर भागात त्या दिवशी असंख्य घरांची पत्रे व कौले उडाली. वादळ किनाऱ्यावरच येते असेही नाही. वळवाच्या पावसाआधीची वावटळ नगर, बीड, अकोला येथील शेडांचेही पत्रे दरसाल उचलून नेते.

वारा छपराला खाली दाबतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. उतार कमी असलेल्या छपरावर मात्र वाऱ्याची क्रिया मुख्यतः वर ओढण्याची असते, आणि शेडची एक बाजू उघडी असली तर आत शिरलेला वारा खालूनही वर ढकलतो. ताशी ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ५७ किलो भरतो. आपल्या अवजारघराच्या सदतीस चौरस मीटर छपरावर तेवढीच ओढ धरली, तरी ती दोन टनांहून अधिक होते. पत्रे आणि सांगाडा मिळून वजन साडेसहाशे किलोंच्या आत आहे. तेव्हा पत्र्यांवर ठेवलेल्या दहा-वीस दगडांनी किंवा जुन्या टायरांनी काय साधणार? उलट तेच दगड खाली येऊन माणसाला व ट्रॅक्टरला इजा करतात.

छप्पर धरून ठेवते ते जमिनीतील काँक्रीट. दोन फूट लांब, दोन फूट रुंद व तीन फूट खोल खड्ड्यात भरलेले काँक्रीट सुमारे आठशे किलो वजनाचे होते. सहा खांबांना मिळून पावणेपाच टनांचा नांगर झाला. यासाठी वरच्या हिशेबात १२,००० रुपये धरले आहेत. काटकसर करणारा शेतकरी नेमकी हीच रक्कम गाळतो व खांब मातीत ठोकून मोकळा होतो. पैसे कमीच पडत असतील, तर शेडची लांबी कमी करावी, बाजूच्या भिंती पुढच्या वर्षी घ्याव्यात. पायाला हात लावू नये.

ही ओढ पत्र्यापासून पायापर्यंत साखळीसारखी पोहोचली पाहिजे. पत्रा पट्टीला हुकाने, पट्टी कैचीला वेल्डने किंवा बोल्टने आणि कैची खांबाला तशीच पक्की जोडलेली असावी. पत्रे नुसत्या तारेने बांधू नयेत. हुकाचे भोक पन्हळीच्या माथ्यावर पाडावे, खोलगट भागात नव्हे, कारण पाणी तेथूनच वाहते. प्रत्येक हुकाखाली डांबरी वायसर व त्यावर लोखंडी वायसर घालावा. कडेला व कोपऱ्यांत वाऱ्याची ओढ मध्यापेक्षा पुष्कळ अधिक असते, म्हणून तेथे प्रत्येक दुसऱ्या पन्हळीला हुक द्यावा. वळचण दीड-दोन फुटांपेक्षा अधिक बाहेर काढल्यास वाऱ्याला पकड मिळते. कौलारू छपरावर वळचणीच्या, बाजूच्या कडांच्या व आढ्याच्या ओळी तांब्याच्या किंवा जस्ती तारेने रिपांना बांधून घ्याव्यात. उडायला सुरुवात तेथूनच होते.

शेडचे तोंड पूर्वेस ठेवणे आपल्याकडे सोयीचे असते. पावसाळी वारे नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतात, आणि मागची बुटकी बाजू त्यांच्याकडे राहिल्याने झड आत येत नाही. पत्रे चढविताना वारा ज्या बाजूस जातो त्या टोकापासून सुरुवात करावी, म्हणजे एकावर एक चढलेल्या पत्र्यांच्या कडा वाऱ्याच्या तोंडी येत नाहीत. खालच्या पत्र्यावर वरचा निदान सहा इंच चढला पाहिजे. छपराच्या मध्ये एखादा पारदर्शक फायबरचा पत्रा बसविला, तर दिवसा दिवा लावावा लागत नाही. बाकी सर्व छप्पर काळोखे ठेवणे टायरांना हितावह असते.

मागच्या वळचणीला पन्हळ लावून पाणी टाकीत घेता येते. सहाशे मिलिमीटर पावसाच्या गावात एवढ्या छपरावरून, वाया जाणारे वजा जाता, वर्षाला सतरा हजार लिटरांच्या आसपास पाणी मिळते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे. हे पाणी मऊ असल्यामुळे फवारणीला चांगले. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असेल तेथे याचा विशेष उपयोग होतो.

पत्रे व लोखंड शक्यतो दिवाळीनंतर, काम नसताना घ्यावे. मे महिन्यात वेल्डर मिळत नाही आणि मिळाला तर पायाचे काँक्रीट वाळायला वेळ उरत नाही. काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी मारावे आणि त्यानंतरच खांबांवर भार चढवावा. पहिला वळीव येऊन गेला की शिडी लावून एकदा सर्व हुक पाहून घ्यावेत. ढिले झालेले त्याच दिवशी आवळावेत आणि वायसर सरकला असेल तेथे नवा घालावा.